ॲम्प घ्यायला जाताय? मिडचा नॉब आधी फिरवून बघा

भाच्याने मागच्या आठवड्यात फोन केला, मामा गिटारचा ॲम्प घ्यायचाय, कुठला घेऊ. मी विचारलं वाजवणार काय आणि कुठे, तर म्हणे ते अजून ठरलं नाही पण डिस्टॉर्शन (फाटलेला आवाज) पाहिजे आणि दिसायला भारी पाहिजे. आता याला काय बोलणार, माझा पहिला ॲम्प पण मी असाच घेतला होता. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितोय, कारण नाशकात गिटार शिकणारी पोरं आता बरीच झालीयेत आणि ॲम्प घेताना सगळे एकच प्रश्न विचारतात, किती वॅटचा. वॅट नंतर बघू. आधी टोनचे नॉब बघा, खालच्या जाड आवाजाचा बेस, वरच्या चमकीचा ट्रेबल आणि मधल्या पट्टीचा मिड, आणि त्यातही हा मधला.

माझं काय झालं ते सांगतो. ॲम्पचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. छोटा ॲम्प, त्यावर ट्रेबल आणि बेस असे दोनच नॉब. सिडकोतल्या खोलीत दार लावून एकटा वाजवायचो तेव्हा आवाज असा गोड यायचा की विचारू नका, खाली जाड, वर चमक. मग गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा बँडसोबत उभा राहिलो, ड्रम, कीबोर्ड, बेस गिटार, दोन गायक, आणि माझी गिटार गायब. व्हॉल्यूम वाढवला, काही नाही. ट्रेबल फुल केला तर नुसतं किर्रर्र, पुढच्या रांगेतल्या आजींनी कानावर पदर घेतला. कीबोर्डवाला मध्येच वळून म्हणाला, अरे तू वाजवतोयस की नुसता उभा आहेस. ॲम्पमध्ये ताकद कमी होती हे खरं, पण नंतर तेवढ्याच वॅटचा दुसऱ्याचा ॲम्प त्याच पोरांसोबत लावून बघितला, त्यावर मिड होता, तो वाढवला आणि गिटार बाहेर आली.

याचं कारण समजलं की अर्धं काम होतं. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ, सगळ्यात बारीक मोकळी तार ३३० च्या आसपास, त्याच तारेवर बाराव्या फ्रेटला गेलात की ६६०. म्हणजे सुरांचा मूळ भाग बराचसा खालच्या आणि मधल्या पट्टीत, वर जे असतं ते त्याचे हार्मोनिक्स (वरचे उपसूर) आणि पिकची टिकटिक. आणि गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपकन खाली येतो, त्यात घरच्या म्युझिक सिस्टीमसारखा ट्वीटर (वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर) नसतो. आता बँडमध्ये खालची जागा बेस गिटार (तिची मोकळी जाड तार ४१ हर्ट्झ) आणि ड्रमचा किक खाऊन टाकतो, वरची जागा झांजा आणि हायहॅट. गिटारला उरतो मधला भाग, ढोबळमानाने ४०० हर्ट्झपासून दोन अडीच हजारांपर्यंत, तिथे पण गायक आणि कीबोर्डवाला बसलेलेच असतात. तिथे जागा करून द्यायचं हत्यार म्हणजे मिडचा नॉब. तोच नसेल तर तुम्ही कायम बाकीच्या दोन टोकांना ओढाताण करत बसता.

मग दोन नॉबवाले ॲम्प वाईट का, तर नाही, तसं अजिबात नाही. फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब जगभर लोक डोळे झाकून घेतात, त्यावर ट्रेबल आणि बेसच आहेत. पण आत मिडच्या जागी ६.८ किलोओहमचा एक फिक्स रेझिस्टर बसवलाय. थोरल्या ट्विन रिव्हर्बला तिथे १० किलोओहमचा नॉब आहे, म्हणजे डिलक्समध्ये मिड आहेच, फक्त कंपनीने तुमच्यासाठी एका जागी ठरवून ठेवलाय. व्हॉक्स एसी थर्टीच्या टॉप बूस्ट चॅनेलला पण ट्रेबल आणि बेसच, वर एक कट नावाचा नॉब जो उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की चमक कमी होते, नवीन माणूस हमखास फसतो. ऑरेंजच्या टायनी टेररला तर टोन नावाचा एकच नॉब. तेव्हा नॉब किती हे मोजू नका. कंपनीने मिड कुठे ठेवलाय आणि तो तुमच्या कामाचा आहे का, हे कानाने बघायचं.

स्वस्तातल्या छोट्या ॲम्पवर काय काय दिसेल ते पण सांगतो. फेंडर फ्रंटमॅन टेन जी वर ट्रेबल बेस दोनच. ऑरेंज क्रश ट्वेल्व्हवर बेस, मिडल, ट्रेबल तिन्ही. मार्शलच्या एमजी टेनवर कंटूर नावाचा एकच नॉब असतो, तो मुख्यतः मधला भागच आतबाहेर करतो. ब्लॅकस्टारच्या छोट्या ॲम्पवर आयएसएफ नावाचा नॉब, एका टोकाला अमेरिकन तऱ्हेचा आवाज आणि दुसऱ्या टोकाला ब्रिटिश. यामाहाच्या टीएचआर फाइव्हवर एकच टोन, टीएचआर टेनवर तिन्ही. बॉसचा कटाना मिनी, सात वॅटचा, पेन्सिल सेलवर पण चालतो, त्यावर तिन्ही. बघा, आकार आणि किंमत यांचा नॉबशी काही पक्का संबंध नाही, म्हणून ऑनलाइन बघत असाल तर पहिलं काम म्हणजे पॅनेलचा फोटो झूम करून नॉबची नावं वाचायची, आणि कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घ्यायचं, फुकट असतं. दोन चॅनेलचा ॲम्प असेल तर मॅन्युअलमध्ये खास बघा की क्लीन (साफ आवाज) आणि ड्राइव्हला (फाटलेला आवाज) वेगवेगळे टोन नॉब आहेत की दोघांना मिळून एकच संच. एकच असेल तर क्लीनला जुळवलेला आवाज ड्राइव्हवर गेलात की बिघडतो आणि गाणं चालू असताना वाकून नॉब फिरवायची वेळ येते. बजेटमधल्या ॲम्पना बहुतेक एकच संच असतो, चालतं, पण माहीत असावं.

आता थोडं आतलं, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा. टोनची सर्किट मोठ्या मानाने दोन जातीची. एक जुनी पॅसिव्ह, फेंडर-मार्शलवाली. यात नॉब काही वाढवत नाहीत, फक्त कमी कापतात किंवा जास्त कापतात, आणि ट्रेबल-बेस मध्यावर ठेवले की मधला भाग आपोआप खड्ड्यात जातो. त्यामुळे ट्विनसारख्या ॲम्पवर सपाट आवाज हवा असेल तर बेस २, मिड १०, ट्रेबल २ असं काहीतरी विचित्र ठेवावं लागतं, सगळे ५ वर ठेवून सपाट मिळत नाही. नॉब एकमेकांना ओढतात पण, ट्रेबल हलवला की मिडचा रंग बदलतो. हीच रचना फेंडरच्या बासमन नावाच्या ॲम्पमध्ये होती, ती समोर ठेवून १९६२ च्या सुमारास लंडनच्या हॅनवेलमधल्या दुकानात जिम मार्शल आणि त्याच्या माणसांनी जेटीएम फॉर्टीफाइव्ह बनवला, म्हणून या दोन घराण्यांचे नॉब नावाला सारखेच. फरक असा की फेंडरच्या नंतरच्या, काळ्या पॅनेलच्या ॲम्पमध्ये खड्डा खोल आणि जरा खाली, मार्शलमध्ये उथळ आणि जरा वर, म्हणून मार्शल बँडमधून पुढे येतो आणि फेंडर क्लीनला मोकळा वाटतो. दुसरी जात ॲक्टिव्ह, पीटर बॅक्सांडॉल नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९५२ मध्ये छापलेल्या सर्किटवरून आलेली, त्यात नॉब मध्यावर म्हणजे सपाट, उजवीकडे वाढ, डावीकडे घट, आपल्या टेपरेकॉर्डर आणि डेकच्या बेस-ट्रेबलसारखं. काही नॉबना मध्यावर छोटा टक्क असा खटका लागतो, तो असला तर बहुतेक हीच जात.

दुकानात ओळखायची सोपी युक्ती म्हणजे तिन्ही नॉब शून्यावर आणून तार छेडा. जवळजवळ मुकाच झाला तर पॅसिव्ह, आवाज बुजला पण बोलतोय तर ॲक्टिव्ह. दुकानदार म्हणेल बंद पडला की काय, हसून सांगायचं नाही काका, बघतोय फक्त.

आता दुकानात जायचं कसं. नाशकात वाद्यांच्या दुकानात दर्शनी भागात हार्मोनियम, तबला, ढोलकी, कीबोर्ड, आणि ॲम्प कुठेतरी खाली कोपऱ्यात पायाशी ठेवलेला असतो, त्याच्यावर कॅपो आणि तारांची पाकिटं. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा, रविवारी संध्याकाळी मेन रोड किंवा रविवार कारंजाला गर्दीत कोणी तुम्हाला अर्धा तास वाजवू देणार नाही आणि बाहेरच्या हॉर्नमध्ये ऐकू पण येणार नाही. स्वतःची गिटार न्या, स्वतःची केबल न्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. दुकानातली गिटार हंबकरची (जाड आवाजाचा पिकअप, म्हणजे तारेचा आवाज पकडणारा भाग) असेल आणि तुमची सिंगल कॉइल (पातळ आवाजाचा पिकअप), तर तिथे जाड वाटलेला ॲम्प घरी पत्र्यासारखा वाजेल. सोबत एक मित्र न्या, तो वाजवेल आणि तुम्ही नॉब फिरवाल, एकट्याने दोन्ही केलं तर कान अर्धा हातातच जातो.

ॲम्प खुर्चीवर किंवा स्टुलावर उचलून ठेवा, नाहीतर तुम्ही ऐकता गुडघ्याने. स्पीकरचा वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, जमिनीवर ठेवलेला ॲम्प उभ्या माणसाला बुजलेला वाटतो, मग तो ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. शिवाय जमीन आणि कोपऱ्याची भिंत मिळून बेस फुगवतात, दुकानाच्या कोपऱ्यात जाड वाटलेला ॲम्प हॉलच्या मध्ये रोडावतो.

मग रिव्हर्ब, डिले, कोरस सगळं बंद करा. दुकानदार नेमका रिव्हर्ब लावून दाखवतो कारण त्यात काहीही चांगलं वाजतं, मेकअप केल्यासारखं. मॉडेलिंगवाला (वेगवेगळ्या ॲम्पची नक्कल करणारा) ॲम्प असेल तर अजून एक गंमत, सेव्ह केलेला आवाज लावला की नॉब दिसतात एका जागी आणि खरी सेटिंग असते भलतीच, म्हणून आधी मॅन्युअल किंवा पॅनेल मोडवर आणा. गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) कमी, सगळे टोन नॉब मध्यावर, गिटारचे स्वतःचे व्हॉल्यूम आणि टोन फुल.

मित्राला सांगा तीनच गोष्टी फिरून फिरून वाजव. मोकळा ई मेजर कॉर्ड, मग तिसऱ्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या आसपास दोनचार सूर, मग तळहात टेकवून जाड तारांवर धक धक. गाणं वाजवू नको, गाणं लागलं की आपण गाणं ऐकतो, आवाज नाही. आणि तुम्ही एकेक नॉब शून्यापासून दहापर्यंत सावकाश न्या. ऐकायचं काय, तर बदल सगळ्या प्रवासात थोडा थोडा होतोय का. काही ॲम्पमध्ये शून्य ते आठ काही होत नाही आणि आठ ते दहात सगळं एकदम, तसला नॉब असून नसल्यासारखा, स्टेजवर अंधारात तो तुम्हाला हवा तिथे मिळणार नाही.

मिडला जास्त वेळ द्या. शून्यावर आवाज पोकळ व्हायला हवा, मधून पोखरलेला, मेटलवाल्यांना आवडतो तसा. दहावर माणूस नाकातून बोलतोय असं वाटायला लागेल, हाँ हाँ असा, आणि एकट्याने ऐकताना तो आवाज वाईटच वाटतो, पण बँडमध्ये ऐकू येणारा आवाज बराचसा तोच असतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी गिटार तुमच्याजवळ सरकल्यासारखी वाटते, ती जागा सापडते का बघा. मिड फिरवल्यावर नुसता आवाज लहानमोठा होत असेल आणि रंग बदलत नसेल तर त्या ॲम्पचा मिड तुमच्या गिटारला लागू पडत नाहीये, पुढचा बघा.

बेसच्या बाबतीत एकच सांगतो, सहा इंची स्पीकरमधून बेसचा नॉब बेस काढू शकत नाही, स्पीकर फक्त फरफरेल. आठ इंच बरा, दहा अजून बरा, बारा मोकळा. खोलीपुरतं वाजवायचं असेल तर आठला हरकत नाही. ट्रेबलला मी साडेपाचच्या वर गेलेलो आठवत नाही, प्रेझेन्स असेल तर तो ट्रेबलच्याही वरची धार सांभाळतो, जुन्या ट्यूब (व्हॉल्व्हवाल्या) ॲम्पमध्ये तो पॉवरच्या भागात फीडबॅकवर काम करतो म्हणून ॲम्प मोठ्याने वाजला की जास्त जाणवतो. रेझोनन्स किंवा डेप्थ तेच काम खालच्या बाजूला करतो. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत तर नॉब आहेतच वर पाच स्लायडर, ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झचे, तिथला ७५० चा खाली ओढून व्ही आकार करायची फॅशन आहे, ऐकायला जबरदस्त, पण दुसरी गिटार आणि कीबोर्ड आले की परत माझ्या गणपतीचीच गोष्ट.

एवढं क्लीनवर झालं की गेन वाढवून सगळं परत. क्लीनवर छान वागणारे नॉब ड्राइव्हवर कधीकधी वेगळेच वागतात, कारण टोनचं सर्किट आवाज फाटायच्या आधी बसवलंय की नंतर यावर सगळं अवलंबून. आधी असेल तर बेस वाढवला की ड्राइव्हच चिखल होतो, नंतर असेल तर फाटलेला आवाज घडवता येतो. चिखल झाला तर बेस तीनवर आणा, गेन पण कमी करा, नव्या पोरांचा गेन कायम दुप्पट असतो.

घुंईऽऽ असा आवाज येत असेल तर लगेच ॲम्पला नावं ठेवू नका, दुकानातल्या ट्यूबलाइट आणि पंख्याचे रेग्युलेटर यांची घुंई सिंगल कॉइल पकडते, गिटार हातात धरून गोल फिरा, एका कोनात घुंई कमी झाली तर दोष खोलीचा.

आणि व्हॉल्यूम. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी बेल लॅबमध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचा आणि वरचा भाग कमी ऐकू येतो. म्हणून हळू वाजवताना आपण बेस आणि ट्रेबल वाढवतो, मिड काढतो, छान वाटतं, आणि तीच सेटिंग स्टेजवर मोठ्याने लावली की ढब ढब आणि किर्र. तुम्ही ज्या व्हॉल्यूमला वाजवणार त्याच व्हॉल्यूमला ॲम्प तपासा. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये खालच्या काकूंना सांभाळून वाजवायचं असेल तर दुकानात पण तेवढंच हळू लावून बघा, आणि दुकानदाराला विचारून दोन मिनिटं मोठ्याने पण. बॉस कटाना फिफ्टीसारख्या ॲम्पना पॉवर अर्ध्या वॅटवर आणायची सोय असते, फ्लॅटवाल्यांना ती नॉबइतकीच कामाची. व्हिडिओ बघून ठरवणार असाल तर निदान चांगला हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरमधून बेसचा नॉब ऐकणं म्हणजे फोटो बघून मिसळीचा तिखटपणा सांगणं.

अकूस्टिक गिटारला पिकअप लावून वाजवणाऱ्यांनी यातलं फार काही धरू नका, त्यांना ट्वीटर असलेला अकूस्टिक ॲम्प लागतो, आणि नॉबमध्ये शिट्टी मारणारा फीडबॅक कापायला नॉच असला तर उत्तम.

सेकंडहँड घेत असाल तर प्रत्येक नॉब पाच सहा वेळा फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा धूळ असते, काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते, त्या मुद्द्यावर भाव मात्र कमी करून घ्या. पण एखाद्या जागी आवाज पूर्ण जातो किंवा नॉब धरून हलवला की येतो जातो, तर पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) गेलाय किंवा सोल्डरिंग सुटलंय. अर्धा तास चालू ठेवून मग परत ऐका, गरम झाल्यावर रडणारे ॲम्प असतात. कोणी अमेरिकेतून आणलेला विकत असेल तर मागची पट्टी वाचा, १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० ला थेट लावला की संपला. आणि ट्यूबचा ॲम्प स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट बसलेले असू शकतात, ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या जाणत्या काकांचं काम.

आधीच दोन नॉबवाला घेऊन बसला असाल तर विकू नका लगेच. इक्यू पेडल (टोन बदलायचा वेगळा डबा) मिळतं, उदाहरणार्थ बॉस जीई सेव्हन, १०० हर्ट्झपासून ६.४ किलोहर्ट्झपर्यंत सात स्लायडर, प्रत्येक १५ डेसिबल वर किंवा खाली. ४०० आणि ८०० चे दोन थोडे वर ढकला, १०० चा थोडा खाली, आणि तुमच्या ॲम्पला मिड आला. मी माझ्या त्या पहिल्या ॲम्पसोबत हेच करतो अजून, भजनाच्या कार्यक्रमाला तोच नेतो, हलका आहे, स्कूटीच्या पुढे मावतो.

भाच्याला शेवटी दोन ॲम्प सुचवले आणि सांगितलं शनिवारी दुपारी येतो सोबत, मी नॉब फिरवेन तू वाजव. तर म्हणतो मामा, पण त्यातला एक केशरी आहे ना, मग तोच घेऊ. म्हटलं घे, आधी मिड शून्यावर नेऊन दहावर आणून दाखव, मग रंगाचं बोलू.